काटकसर कुणाच्या खिशातून?

चर्चच्या तरुण संघात पैशाचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाला द्या, कर्ज काढू नका, उधळपट्टी टाळा, मुंगीकडून शिका. यातलं काहीच खोटं नाही. मी स्वतः हे सगळं पाळते आणि त्याचा मला फायदाच झाला आहे. तरीही गेली काही वर्षं मला सारखं वाटत आलं आहे की आपण काटकसरीचा अर्धाच धडा शिकवतो. खर्च कमी करा एवढं सांगतो, पण वाचलेला पैसा नेमका कुणाच्या खिशातून वाचला, हे विचारत नाही. माझं म्हणणं असं की काटकसर स्वतःच्या गरजांवर करायची असते. दुसऱ्याच्या मजुरीवर केली तर तिला काटकसर म्हणू नये, आणि आपल्या मंडळ्यांनी, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहांनी, हे व्यासपीठावरून उघड सांगावं. कोल्हापुरात तर सांगायलाच हवं, कारण फाउंड्री, ऊस, दूध आणि बाजार यांवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात पैशाचा प्रत्येक प्रश्न शेवटी कुणाच्या तरी मजुरीशी येऊन थांबतो.

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीनशॉपमध्ये अकाउंट्स बघते. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आमच्याकडं त्याचं मशीनिंग होतं आणि माल पुढं पार्टीकडं जातो. पगारपत्रक माझ्या हातून तयार होतं, त्यामुळं महिन्याच्या कुठल्या आठवड्यात कुणाची किती ओढाताण चालली आहे, हे कुणी न सांगता कळतं. वीस तारीख उलटली की उचल मागायला माणसं येतात. शिफ्ट सुटल्यावर एकेकटी येतात, चारचौघांत मागत नाहीत. "ताई, दोन हजार मिळतील काय? सिलिंडर संपलाय." व्हाउचरला डाग पडू नये म्हणून सही करण्याआधी हात पँटला पुसतात, तरी कूलंट आणि लोखंडाच्या कणांनी काळी झालेली बोटं कागदावर उमटतातच. ते दोन हजार पुढच्या पगारातून वळते होतात. म्हणजे या महिन्यात वीस तारखेला आलेली तंगी पुढच्या महिन्यात पंधरा-सोळालाच येऊन उभी राहते.

या माणसाला काटकसर शिकवायची कुणी? कागलकडून एका मोटरसायकलवर तिघं येतात आणि पेट्रोल वाटून घेतात. डब्यात भाकरी आणि खर्डा. पोरांच्या वह्यांची कोरी पानं फाडून दुसरी वही शिवायची, ही गोष्ट मी आमच्या स्टोअरमधल्या मामांकडून शिकले. त्यांच्या घरात काटकसर ही जगण्याची अट आहे. जी गोष्ट माणसाला निवडताच आलेली नाही, तिचा त्याला सद्गुण म्हणून उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. काटकसरीचा उपदेश ऐकायची गरज ज्याच्यापाशी निवड आहे त्याला असते. म्हणजे मला, माझ्यासारख्या नोकरदार तरुण मुलामुलींना, कारखान्याच्या मालकाला आणि चर्चच्या कमिटीला.

शास्त्रात पैशाबद्दल काय लिहिलं आहे, असं विचारलं की बहुतेकांना दशांश आठवतो. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय फारसा कुणाला आठवत नाही. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" ही आज्ञा पहिल्यांदा येते ती याच अध्यायात. येशूनं ती तिथूनच उचलली. ती कशाच्या शेजारी बसली आहे, ते पाहण्यासारखं आहे. शेताची कापणी करताना बांधापर्यंत कापू नको, खाली पडलेला सरवा वेचू नको, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू दे. रोजंदाराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. तराजू, वजनं आणि मापं खरी ठेव. हे सगळं एकाच अध्यायात आहे. म्हणजे शेजाऱ्यावरची प्रीती तिथं पीक, पगार आणि काटा यांच्या हिशेबात सांगितली आहे.

त्यातली सरव्याची आज्ञा मला फार खोल वाटते. शेताच्या कडेपर्यंत कापणं, पडलेलं कणीस उचलणं यात चोरी नाही. पीक मालकाचंच आहे. उलट ती चोख काटकसरच झाली, काहीही वाया जाऊ द्यायचं नाही ही. आणि नेमकी तीच काटकसर देवानं शेतमालकाला मना केली आहे. तुझ्या हिशेबातला शेवटचा दाणा तुझा नाही, असं त्याला सांगितलं आहे. आजच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर खर्चकपातीला जिथं थांबायचं आहे अशी एक रेषा असते, आणि ती मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात हीच मजुरीची आज्ञा आणखी स्पष्ट होते. मजूर आपल्या भाईबंदांपैकी असो की परका, त्याचे पैसे त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यायचे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडं लागलेला आहे. आज आपल्या फाउंड्र्यांत मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुलं आहेत. परका म्हणजे कोण, हे आपल्याला शोधायला लांब जावं लागत नाही. आपला कायदा तर सूर्यास्ताइतका कडक नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्या आणि जादा तासांचे दुप्पट दरानं द्या, एवढंच तो मागतो. तेवढंही कितीतरी ठिकाणी होत नाही. ठेकेदार बदलला की मागच्या ठेकेदाराकडचे पंधरा दिवस बुडीत जातात, आणि ते कुणाकडं मागायचे, हे त्या मुलाला कुणी सांगत नाही.

पगार वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागू नये. ऊस गाळपाला गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर त्यावर पंधरा टक्के व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. हे चौदा दिवस आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतात. त्यासाठी रस्ते अडले आहेत, ऊसवाहतूक बंद पडली आहे, लोकांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. दुधाचं बिल दहा दिवसांचं ठरलेलं असतं आणि ते दोन दिवस लांबलं तरी गावात चर्चा होते. काटामारीवर, म्हणजे वजनात मारण्यावर, तर आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. शेतकऱ्याला वेळेवर पैसे आणि खरा काटा मिळालाच पाहिजे, याबद्दल या जिल्ह्यात पक्ष, जात, धर्म काही आड येत नाही. मला याचा अभिमान आहे.

पण त्याच उसाच्या फडात बीडकडून आलेलं जोडपं कोयता घेऊन उभं असतं. त्यांनी हंगामाआधीच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या प्रत्येक टनाचे पैसे त्या उचलीत वळते होतात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर राहिलेलं ओझं पुढच्या वर्षावर जातं. ज्याला कर्जामुळं पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडं यावं लागतं, त्याची मजुरी ठरवताना घासाघीस कसली होणार? घेणारा देणाऱ्याचा चाकर होतो, असं नीतिसूत्रांत म्हटलं आहे. फडात ते अक्षरशः खरं आहे. नव्या करारात याकोबानं आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांना खडसावताना उदाहरण घेतलं तेही कापणीचंच: तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली, ती ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे. चौदा दिवसांसाठी लढणाऱ्या जिल्ह्यानं या हाकेसाठीही तसंच उभं राहावं, ही अपेक्षा जास्तीची नाही.

या मातीत तशी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली आणि वेठबिगारी बंद करण्याचे हुकूम काढले, हे तितकं बोललं जात नाही. वतनात काम ठरलेलं असायचं, मोबदला मात्र देणाऱ्याच्या मनावर. सुगी चांगली झाली तर चार पायल्या, नाहीतर हात हलवत परत. ते संपवणं म्हणजे श्रमाला ठरलेला दाम आहे, असं राज्यानं मान्य करणं होतं. आमच्या ख्रिस्ती घरांच्या इतिहासातही ही गोष्ट मध्यावर आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढच्या काळात मिशनच्या शाळांत आणि दवाखान्यांत आमच्यापैकी कितीतरी घरांना पहिला मासिक पगार मिळाला. शिक्षिका, नर्स, कंपाउंडर, आया. माझी आजी एका दवाखान्याच्या वॉर्डात आया होती. रक्कम लहान होती, पण ती ठरलेल्या तारखेला मिळायची आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. त्या भरवशावर तिनं चार मुलं शिकवली. आजीची काटकसर फळाला आली ती त्या तारखेमुळं. पगाराची तारीखच पक्की नसेल तर कितीही हात आखडता घेतला तरी शिल्लक पडत नाही. मध्येच सावकार येतो.

आता मालकांची बाजू. ती मी रोज ऐकते आणि ती खोटी नाही. उद्यमनगरात किंवा शिरोलीत चार मशीन टाकून बसलेला छोटा कारखानदार सांगतो की मोठी कंपनी माझं बिल तीन-तीन महिने अडवते, मग मी सात तारखेला पगार कुठून काढू? लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा २००६ पासून आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यायचं, हेही त्यातच आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही तर मोठ्या कंपनीला त्या खर्चाची आयकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही. एवढं असूनही तक्रार करायला लहान कारखानदार धजत नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाईल. त्याची अडचण मला पूर्ण समजते. मी त्याचीच बिलं मागायला फोन करत असते.

पण या साखळीकडं नीट पाहिलं तर माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. वरची कंपनी आपलं खेळतं भांडवल वाचवते ते छोट्या कारखानदाराच्या पैशातून. कारखानदार वाचवतो ते ठेकेदाराच्या पैशातून आणि ठेकेदार हेल्परच्या. प्रत्येक जण आपल्या जागी काटकसरच करतो आहे आणि प्रत्येक जण तिची झळ खाली ढकलतो आहे. शेवटच्या माणसाला मात्र ती ढकलायला खाली कुणी नाही. म्हणून तोट्याची वाटणी करायची वेळ आली तर सुरुवात शेवटच्या माणसापासून करता येत नाही. आमच्या ओळखीचे एक कारखानदार काका पैसे आले की आधी पगार वेगळा काढतात आणि राहिलेल्यात सगळं बसवतात. वीजबिल, टूलिंग आणि स्वतःच्या घरखर्चाची रक्कम त्यानंतर. त्यांचा धंदा मोठा नाही, पण त्यांच्याकडचे टर्नर सोडून जात नाहीत आणि रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कमी आहे. मला वाटतं, एका मालकाच्या हातात जी काटकसर असते ती अशी दिसते.

मग माझ्यासारखीनं साधं का राहायचं? मी केएमटीच्या बसनं किंवा शेअर रिक्षानं जाते. फोन जुनाच वापरते. मैत्रिणी राजारामपुरीत कॉफीला बोलावतात तेव्हा जाते, पण दर वेळी नाही. यात देवभक्तीचं प्रदर्शन नाही आणि कंजूषपणाही नाही. यामागचं कारण मला एका जुन्या नोकरीत लख्ख कळलं. तिथं मला दोन रजिस्टरं ठेवायला सांगितली होती. एकात खरे तास आणि दुसरं तपासणीसाठी, ज्यात ओव्हरटाइम नसायचाच. मी नाही म्हणाले आणि नोकरी सोडली. मला ते जमलं, कारण काही महिन्यांचा खर्च माझ्या नावावर बाजूला होता आणि कुठलाही हप्ता माझ्या मागं नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला तेच मनातून पटत होतं, पण त्याच्यावर गाडीचा आणि बहिणीच्या लग्नाचा हप्ता होता. तो माझ्यापेक्षा कमी प्रामाणिक होता, असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला नाही म्हणण्याची मोकळीक नव्हती. साधं राहून मी जमवते आहे ती ही मोकळीक.

म्हणून तरुणांना कर्जाबद्दल बोलायचं तर नुसतं 'कर्ज वाईट' म्हणून भागत नाही, आकडे मांडून दाखवावेत. गाडीच्या शोरूममध्ये 'दहा टक्के फ्लॅट' म्हणतात तेव्हा एक लाखावर तीन वर्षांचं व्याज तीस हजार होतं आणि हप्ता साधारण ३६११ रुपयांचा पडतो. ऐकायला दहा टक्केच. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकेवर तोच हिशेब केला तर खरा दर जवळजवळ अठरा टक्के निघतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढते म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला ४२ टक्के. शून्य टक्के व्याज ही गोष्टच नसते, ते प्रक्रिया शुल्कात किंवा वस्तूच्या किमतीत दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. तरुण संघाच्या एका बैठकीत फळ्यावर हा हिशेब मांडला तर मुंगीच्या दाखल्यापेक्षा जास्त उपयोग होईल, आणि मुंगीचाही मान राहील.

लग्नाबद्दल फार लिहीत नाही. वडिलांचा पीएफ काढून केलेलं रिसेप्शन पाळक साहेबांनी स्टेजवर जाऊन आशीर्वादित करावं आणि खर्चाबद्दल आधी एक शब्दही बोलू नये, हे मला पटत नाही.

कर्ज काढू नका म्हणणाऱ्या मंडळीवर एक जबाबदारीही येते. अडलेल्या माणसानं जायचं कुठं? मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडं? ख्रिस्ती माणसांनी या प्रश्नाचं उत्तर आधी एकदा दिलेलं आहे. फ्रीडरिख राइफायझेन हे जर्मनीतले एका छोट्या गावाचे महापौर. सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांना आधी त्यांनी दान देऊन पाहिलं. ते पुरत नाही, हे कळल्यावर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला गावकऱ्यांचीच पतसंस्था काढली. एकमेकांना ओळखणारी माणसं, सगळ्यांची मिळून हमी, आणि कर्ज फक्त उपयोगाच्या कामाला. शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा हा व्यवहार आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. १८९० च्या दशकात मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९०४ चा भारतातला सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच नमुन्यावर झाला. आज कोल्हापुरात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, १९६३ पासूनचा जिल्हा दूध संघ आहे, सहकारी साखर कारखाने आहेत. ज्या सहकारावर हा जिल्हा उभा राहिला त्याच्या मुळाशी एका ख्रिस्ती माणसाची अशी खटपट होती, हे आपल्या मंडळ्यांत कुणी सांगत नाही. बचत गटाच्या धर्तीवर प्रत्येक मंडळीत एक लहानसा अडीअडचणीचा निधी ठेवला, आजारपण आणि शाळेची फी एवढ्याचसाठी, बिनव्याजी, ओळखीच्या हमीवर, तर वीस तारखेनंतरचे कितीतरी दिवस सोपे होतील. गरिबाला उसनं दिलं तर व्याज लावू नको, हे बायबलच्या निर्गम या पुस्तकात लिहिलेलंच आहे.

बाजारातही हाच प्रश्न आहे. हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे कापणीच्या सणाला, चर्चच्या आवारात लिलाव होतो, तेव्हा एक भोपळा पाचशे रुपयांना जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला तो लिलाव मनापासून आवडतो. माणसं वस्तूची किंमत विसरून देतात. पण सोमवारी कपिलतीर्थ मार्केटात कोथिंबिरीच्या पेंडीवरून आपण पाच रुपयांसाठी त्या मावशीशी हुज्जत घालतो तेव्हा ती देण्याची वृत्ती कुठं जाते? देवाला दिलेलं आणि मावशीला दिलेलं यांत इतका फरक करायला शास्त्रात आधार नाही. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि गाडी थांबवून तिथं सगळ्यांसमोर चहा प्यायले. ज्याच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते, त्याच्या हातच्या चहाचे पैसे राजानं मोजले. खर्च करणं हेही न्यायाचं काम असू शकतं, हे कोल्हापूरला तेव्हापासून माहीत आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी राहिली. ती आपल्या घरातली आहे. चर्चची झाडलोट करणारी बाई, आवाराचा रखवालदार, ख्रिस्ती संस्थांच्या विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षिका, दवाखान्यांतल्या नर्सेस. यांच्या पगाराचा विषय काढला की उत्तर येतं, ही सेवा आहे. सेवेचा शब्द काढला की समोरचा माणूस गप्प होतो, कारण पुढं बोलला तर तो पैशाचा लोभी ठरतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला फकिरीत राहिले. तो त्याग आपण गौरवानं सांगतो आणि सांगावाच. पण तो टिळकांनी स्वतःसाठी निवडला होता, कुणी कमिटीनं ठराव करून त्यांच्यावर लादला नव्हता. प्रेषित पौलानं हा फरक फार काळजीनं सांभाळला आहे. तो करिंथ या ग्रीक शहरात तंबू शिवून पोट भरत होता आणि मंडळीकडून काही घेत नव्हता. तरी त्याच करिंथकरांना लिहिताना त्यानं ठणकावून सांगितलं की सुवार्ता सांगणाऱ्यांचा त्यावर निर्वाह व्हावा, असं प्रभूनंच नेमून दिलं आहे. स्वतःचा हक्क त्यानं सोडला, दुसऱ्याचा कधी सोडला नाही. आपण नेमकं उलट करतो. झाडणाऱ्या बाईचा हक्क आपण सोडून देतो आणि त्यागाचं श्रेय मंडळीच्या नावावर जमा करतो.

याला एक उत्तर मिळतं की मंडळी गरीब आहे, अर्पण कमी पडतं. काही मंडळ्यांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण ज्या मंडळीत नव्या साउंड सिस्टीमसाठी आणि कमानीच्या रंगकामासाठी एका रविवारी वर्गणी जमते, तिथं ते खरं नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. वार्षिक जमाखर्चात 'पगार व मानधन' अशी एकच गोळा रक्कम छापतात, ती फोडून छापावी: कुणाला, किती तासांसाठी, किती. त्याशेजारी सरकारनं त्या कामासाठी ठरवलेलं किमान वेतन लिहावं. फरक दिसला तर बाकी कुठल्याही खर्चाला हात घालण्याआधी तो भरून काढावा. आमच्या मंडळीच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी हा ठराव लेखी दिला आहे. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विचारलं की असं केलं तर यंदा फरशीचं काम पुढं ढकलावं लागेल, चालेल का? मी म्हटलं, हो काका, फरशी एक वर्ष थांबू शकते.